शेपूट आधी

घंटा वाजली, तरी कप्तानानं गॅस बंद केला नाही.

पातेल्यात अंडं उकळत होतं. ओट्यावरचं छोटं घड्याळ किरकिरून गप्प झालं. कप्तान हात मागे बांधून उभा राहिला आणि त्यानं कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे त्याची आई बसली होती. परीक्षा चालू असताना घरच्यांनी बोलायचं नाही, खुणवायचं नाही, असा केंद्राचा नियम होता. आईनं मान खाली घातली.

पाणी आटत आलं, अंडं तडकलं, तेव्हा शिकवणाऱ्या मॅडमनीच पुढे होऊन बटण फिरवलं.

"काय झालं रे, कप्तान?"

"विसरलो," कप्तान म्हणाला. आणि पुन्हा आईकडे बघायला लागला.

कप्तान चौतीस वर्षांचा बाप्या. बसमध्ये पुढच्या सीटवर बसून ड्रायव्हरला हुकूम सोडायचा, म्हणून हे नाव पडलेलं. बुद्धीनं हा सात-आठ वर्षांचाच राहील, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यावर आई म्हणायची, सात-आठ वर्षांची पोरं इतकी गुणी कुठे असतात?

या केंद्रात अशा मोठ्या झालेल्या मुलामुलींना रोजची कामं शिकवत. शर्टाची बटणं लावणं, कुलूप उघडणं, अंथरूण घालणं, चार घास शिजवणं. शिकवायची तऱ्हा मात्र उलटी. सुरुवातीला सगळं मॅडम करायच्या आणि शेवटचं तेवढं शिकणाऱ्याच्या हाती सोपवायच्या. ते जमलं की त्याच्या आधलं. त्यामुळे पहिल्या दिवसापासून काम पुरं झाल्याचा आनंद पोराच्या पदरात पडायचा. "हत्ती जातो आणि शेपूट राहतं, अशी गत होते ना? म्हणून आम्ही शेपटापासूनच सुरुवात करतो," असं मॅडम पालकांना हसत सांगायच्या.

घंटा झाली की गॅस बंद करणं, हे कप्तानाचं शेपूट होतं. ते तो सगळ्यात आधी शिकला होता. बटण फिरवून सलाम ठोकल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही.

आजची परीक्षा साधीसुधी नव्हती. केंद्राच्या वरच्या मजल्यावर तिघं जण आपलं आपण घर चालवत होते. सकाळ-संध्याकाळ एक काका येऊन डोकावून जायचे, एवढंच. तिथली खिडकीजवळची चौथी खाट रिकामी झाली होती. कप्तान पास झाला असता तर ती त्याची. त्यानं तिच्यावर एकदा आडवं होऊनही पाहिलं होतं आणि उठायलाच तयार नव्हता. आता ती खाट दुसऱ्या कुणाला तरी जाणार होती.

मॅडमनी कप्तानाला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि त्या आत आल्या.

"मला काही कळेनासंच झालंय," त्या म्हणाल्या. "पातेलं घेतलं, पाणी बेतानं ओतलं, घड्याळ लावलं. हे सगळं तो मागाहून शिकलाय, ते चुकलं असतं तर मी समजू शकले असते. पण शेपूट? शेपूट कुणीच विसरत नाही हो."

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"काल संध्याकाळपर्यंत बरोबर करत होता. घरी काही बिनसलं का?"

"नाही. जेवला, झोपला."

"परीक्षेचं काही बोलणं झालं? धसका घेतला असेल."

"झालं थोडं बोलणं," आई म्हणाली.

मॅडमनी ते तडकलेलं अंडं पातेल्यातून बाहेर काढलं. "मग माझंच चुकलं. मीच घाई केली. त्याच्या मनात नसताना त्याला पुढे ढकललं." "मला माफ करा."

"अहो, असं नका बोलू," आई एकदम म्हणाली. तिच्या तोंडाशी आणखी काहीतरी आलं होतं, ते तिनं गिळलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. लोकांच्या नजरा, लोकांची कुजबुज, सगळं तिनं पचवलं होतं, पण पोरापायी मान खाली घालायची वेळ स्वतःवर कधी येऊ दिली नव्हती. आज मात्र तिला मान वर करवेना.

"असू दे. मी आहे ना त्याला," ती पुटपुटली.

"तुम्ही आहात हो," मॅडम हळूच म्हणाल्या. "पण तुमच्या माघारी?"

नवरा गेल्यापासून घरात दोघंच. कप्तान केंद्रात आला की त्या घरात भांड्याचासुद्धा आवाज होत नसे. ती उठली, मॅडमना हात जोडले आणि बाहेर आली.

कप्तानानं तिची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली. रस्त्याला लागल्यावर तो नेहमीसारखा तिच्या हाताला धरून चालू लागला, तिच्या दुखऱ्या गुडघ्याच्या बेतानं, सावकाश. ती पदरानं डोळे टिपत होती.

"रागावलीस?"

"नाही रे, सोन्या."

"मग रडतेस का?"

तिनं तोंड दुसरीकडे फिरवलं.

कप्तान थांबला. त्याचा चेहरा पडला. मॅडम मागून येत तर नाहीत ना, हे त्यानं वळून पाहून घेतलं आणि आईच्या कानाशी लागून विचारलं, "तू सांगितलंस तस्संच विसरलो ना गं मी?"