मंजुळा, सुती कागदावर

ठाण्याला नौपाड्यातल्या दुकानात यंत्रातून कागद बोट बोट बाहेर सरकत होता आणि प्रफुल्ल आईचा चेहरा यायची वाट बघत होता. उद्या तेरावा. पाटावर ठेवायला घरात आईचा एकही फोटो नव्हता.

लग्नातला होता, तो कल्याणच्या पुरात गेला. आधार कार्डावरचा मोठा केला तर नुसता काळा डाग. एरवी कॅमेरा दिसला की मंजुळा पदर ओढून बाजूला व्हायची. आणि तिचा नवरा धाकू बारा दिवस धड जेवला नव्हता. तिचं तोंड आठवत नाही रे मला, एवढंच म्हणायचा. रडायचासुद्धा नाही, आणि त्याचीच प्रफुल्लला जास्त भीती वाटत होती.

मग आईची मैत्रीण कमळाबाई बोलली. लग्नानंतर दोन वर्षं दोघी मुंबईत एका आर्ट कॉलेजात चित्रकारांसमोर बसायच्या, रोजावर. धाकूला कळलं, त्याने भांडून आकाशपाताळ एक केलं, काम सुटलं. पण तिथल्या एका चित्रकाराने काढलेलं तिचं चित्र आज संग्रहालयात आहे. नावच 'मंजुळा'. प्रफुल्लने त्याच्या प्रती छापणारं दुकान शोधलं आणि फोनवरच ऑर्डर दिली. चित्र आधी मागवून बघितलं नाही. स्वतःच्या आईचं चित्र, त्यात बघायचं काय?

दुकानदार कौतुकाने सांगत होता, सुती कागद आहे, शंभर वर्षं रंग उडायचा नाही. आधी केस आले. मग तपकिरी रंगाचा एक सपाट तुकडा, आणि एकदम पिवळा पदर. डोळे नाहीत, नाक नाही, ओठ नाहीत.

"चेहरा छापायचा राहिला," प्रफुल्ल म्हणाला.

मूळ चित्रच तसं आहे, मॉडर्न आहे, असं दुकानदाराने समजावलं. आता दुसरं काही शोधायला वेळ नव्हता. गुंडाळी घेऊन प्रफुल्ल खोपटच्या स्टँडवर एसटीत बसला आणि कल्याणपर्यंत लोकांदेखत रडत राहिला.

घरी त्याने चित्र भिंतीला टेकवलं.

"बाबा, मी फसलो. ह्यात तोंडच नाहीये तिचं."

धाकू बराच वेळ बघत बसला. मग बारा दिवसांत पहिल्यांदा त्याचे डोळे भरले.

"मलापण अशीच आठवते," तो म्हणाला. "त्या भांडणानंतर मी कधी तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही."