सगळ्यांना एकच शेवट

चित्रपट मंडळ बंद करण्याच्या ठरावावर सह्या घेण्याआधी मंडळ चालवणाऱ्या हेमलताबाईंनी एक जुना सिनेमा लावायचं ठरवलं. हल्ली सिनेमाचा चष्मा ज्याला त्याला मनासारखा शेवट दाखवायचा, त्यामुळे मंडळात नऊ वर्षं कुणाचं कुणाशी वाजलं नव्हतं. आवडता प्रसंग सांगायला जावं, तर तो दुसऱ्याच्या सिनेमात नसायचाच. मग जमायचं तरी कशाला?

“आज चष्मे टेबलावर काढून ठेवा,” बाईंनी फर्मावलं.

पडद्यावरची सून आजारी सासऱ्याला सोडून गाणं शिकायला निघून गेली. दिवे लागले.

“शी!” सबनीस उसळले. “म्हाताऱ्याला मरायला टाकून गाणं? असले सिनेमे दाखवूच नयेत!”

“का नयेत?” कधी तोंड न उघडणाऱ्या वृंदाताई ताडकन उठल्या. “गेली तेच बरं केलं तिनं. मी नाही गेले, म्हणून सांगते.”

इतकी वर्षं शेजारच्याच खुर्चीवर बसणारे सबनीस त्यांच्याकडे वळले.

“कुठे जायचं होतं तुम्हाला?” त्यांनी हळूच विचारलं.

वृंदाताई सांगू लागल्या. हेमलताबाईंनी ठरावाचा कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पुढच्या रविवारचा सिनेमा लिहिला.