शेवटचं पोर

सिल्केबोर्ग गावाजवळच्या रानात प्रेबेनने तीस वर्षं बालवाडी चालवली. नियम एकच होता. पोरांनी हवं तितकं पुढे पळावं, पण जुन्या बीचच्या झाडापाशी थांबावं. मागे राहिलेलं पोर येऊन "मी शेवटचा!" असं ओरडेपर्यंत कुणी पाऊल उचलायचं नाही.

आज वृद्धाश्रमातून निसटून तो पुन्हा त्याच झाडाखाली जाऊन उभा राहिला होता. परिचारिका विनवण्या करून थकली. "आजोबा, चला ना, कॉफी निवतेय."

"तुम्ही व्हा पुढे, बाई. अजून एक पोर यायचंय."

शेवटी तिने त्याच्या मुलीला, विबेकेला, बोलावून घेतलं.

"बाबा, घरी चला."

दोन वर्षं पाहत आला होता तसंच त्याने तिच्याकडे पाहिलं, परक्या बाईकडे पाहावं तसं. "कोण बाबा? जरा हळू बोला. पोर बुजेल माझं."

विबेके पायवाटेच्या वळणापर्यंत मागे चालत गेली. तिथून वळली आणि पन्नाशीचे दुखरे गुडघे विसरून, चिखल उडवत धावत सुटली.

"आले! मी शेवटची!"

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "विबेके! बसलीस ना पुन्हा डबक्यात खेळत?"

तिला धाप लागली होती. त्याने तिचा गारठलेला हात हातात घेतला.

"अगं, हळू यायचंस. तुला सोडून मी पुढे जाणार होतो का?"