अमावास्येचा धडा

पर्यवेक्षिका मॅडम खूश झाल्या तर कराडला बदली, घरचं जेवण आणि सुक्या मासळीच्या वासातून कायमची सुटका, एवढं सगळं कनकबाईंनी एका धड्यावर लावलं होतं. म्हणून 'भरती का येते' हे शिकवायला त्यांनी अख्खी बालवाडी थेट किनाऱ्यावर आणली. शिस्त दिसावी म्हणून वाळूत चपलांची सरळ रांग लावली. शेवटी स्वतःची जोडी आणि तिच्याशेजारी मॅडमच्या नव्याकोऱ्या कोल्हापुरी.

बाईंनी वाळूत चंद्र काढला, तोच तांडेलांची पाच वर्षांची खुशी उठली. "बाई, आज अवस हाय. पानी पार वर येनार. चपला..."

"तोंडावर बोट!"

बाई सूर्य काढायला वळल्या, तशी सगळी मुलं तोंडावरचं बोट न काढता, दुसऱ्या हातानं आपापल्या चपला उचलून किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीत टाकून आली. सूर्य पुरा व्हायच्या आत लाट आली आणि चंद्रासकट उरलेले दोन जोड घेऊन गेली.

"अगं, आमच्या नाही का उचलायच्या?" बाई ओरडल्या.

"बाईंच्या वस्तूंना हात लावायचा न्हाय, तुमीच सांगितलंत ना!"

मॅडम तापल्या वाळूतून अनवाणी नाचत गाडीपर्यंत पोचल्या आणि तिथेच त्यांनी शेरा लिहिला: 'मुलांना भरतीचे ज्ञान उत्तम. ते घेण्यासाठी शिक्षिकेने आणखी तीन वर्षे येथेच राहावे.'

चपला दोघींच्या गेल्या, बदली मात्र एकीचीच.