रुखमाबाईचा फेरा

रुखमाबाई खळखळून हसली आणि उकंडा हातात डबा घेऊन फाटकातच थबकला.

कडुलिंबाखाली, भर दुपारी, ती रहेमान पिंजाऱ्याशेजारी बसून कापसातला काडीकचरा वेचत होती. संसाराला एवढी वर्षं झाली, पण या बाईला इतके दात आहेत हे उकंडाला आजच कळलं.

"काय चाललं?" त्यानं विचारलं.

"काई नाही. रहेमानभाई गंमत सांगून राह्यले," ती म्हणाली. डबा घेऊन तिनं बाजूला ठेवला. उघडून बघितलासुद्धा नाही.

मांडीपासून पाय उचलत नाही, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, असं ती सांगू लागली, तेव्हा मुलगा प्रफुल्ल तिला दारव्ह्याच्या या पुनर्वसन केंद्रात सोडून गेला होता. घरी राहिला उकंडा आणि कापूस. भाव पडलेला, म्हणून यंदा कापूस विकलाच नव्हता. बैठकीत कापूस, माजघरात कापूस. उकंडा दिवसभर त्यावरच लोळून असे. कापसाच्या गाडीवरून पडल्यापासून त्याचाही पाय कुरकुरत होता. पण त्यावर कोणी बोललेलं त्याला खपत नसे. प्रफुल्लनं एकदा विषय काढला, तर "मी काय लंगडा हावो?" म्हणून त्यानं घर डोक्यावर घेतलं होतं.

रात्री मात्र तो आढ्याकडे बघत पडे. मेडिकलमधली गोळी घेतली तर थोडी डुलकी लागे. त्यातलीच एक गोळी त्यानं पहिल्या दिवशी बायकोसाठी आणली होती. तिथं म्हाताऱ्यांचा व्यायाम घेणाऱ्या उर्वशीनं ती हातातून काढून घेतली.

"बाबा, गोळीनं डोकं जड होते. मग तोल जाते अन माणूस पडते. इथं सकाळचं ऊन, हाताले काम, चालणं. दिवसा झोपणं नाही, दुपारनंतर चहा नाही. झोप लागू लागली अन आधार न घेता कडुलिंबाले फेरा मारला, की खुशाल घरी जायचं."

उकंडाला बायको घरी हवी होती, बस. शेजारची गंगी भाकरी टाकून देई, पण घर खायला उठे. तर आता मध्येच हा नेरचा पिंजारी उपटला. अंगावरून वारं जाऊन एक हात लुळा पडलेला, तोंड मात्र धडधाकट.

आतापर्यंत तो गावाहून दुपारच्या जीपनं येई आणि स्टँडवरून ऑटो करी. दुसऱ्या दिवशी त्यानं सकाळचीच जीप पकडली. ऑटोवाला सवाऱ्या भरल्याशिवाय हलेना. तिकडे दोघं उन्हात जाऊन बसली असतील, या विचारानं तो काठी टेकत पायीच निघाला.

"एवढ्या सकाळी काहून आले?" रुखमाबाईनं विचारलं.

"काहून? मी आलेला चालत नाही?"

तेव्हापासून तो रोज स्टँडवरून पायीच येऊ लागला. जेवण झालं की त्याचे डोळे मिटू लागत. एकदा मिटले आणि उघडून बघतो तर काय, दोघं पार विहिरीपर्यंत चालत गेलेली. त्या दिवसापासून त्यानं दुपारची झोप सोडली. तो दोघांच्या मध्ये घुसून चालू लागला. पिंजाऱ्यानं एक खेप घातली की हा दोन घाली, आणि मागे वळून बायको बघते का ते पाही.

उन्हं कलली की चहा येई.

"भाभीनं सोडला, मी बी सोडला," रहेमान म्हणाला. "उकंडाभाऊ, तुमाले नाही जमायचं. तुमी घ्या."

उकंडानं कप तसाच परत सरकवला.

उर्वशी रोज सकाळी चौकशी करी. "झोप लागली का रात्री?"

"तिले इचारा," उकंडा खेकसे.

"त्यांना विचारलं. तुम्हाला विचारते."

"मले काय धाड भरली? पडलो की सकाळ."

ते खरंच होतं. घरी पोचून भाकरी खाल्ली की तो कापसावर अंग टाकी, ते कोंबडा आरवेपर्यंत. जळण्यात माणूस इतका गुंतला, की आपण झोपतो हेही त्याच्या ध्यानात नव्हतं.

मग उशीचं प्रकरण झालं. कापूस उकंडानं घरून स्वतः वाहून आणलेला. पिंजाऱ्यानं तो एका हातानं पिंजला, रुखमाबाईनं खोळ शिवली. आणि उशी घेतली पिंजाऱ्यानं! डोक्याखाली घेऊन तो डोळे मिटून म्हणाला, "वा, भाभी!"

उकंडाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"कापूस माहा, बायको माही, अन उशी याले? उठ रुखमे. आज घरी चाल."

"फेरा नाही झाला," उर्वशी म्हणाली. "आधाराशिवाय."

"मले नाही जमत बाप्पा," रुखमाबाई खाली मान घालून म्हणाली.

"काहून नाही जमत? इकडं पाह्य! असा मारायचा असते!"

त्यानं काठी फेकली आणि ताडताड निघाला. कडुलिंबाला पूर्ण वळसा घालून तो धापा टाकत बायकोसमोर उभा राहिला.

रुखमाबाईनं डोळ्यांना पदर लावला. मग ती उठली, खाटेखालची ट्रंक ओढून डोक्यावर घेतली आणि झपझप फाटकाकडे चालू लागली.

"रुखमे, पाय! तुहा पाय!" उकंडा ओरडला.

"आजींना कुठं काय झालं होतं?" उर्वशी खाली पडलेली काठी उचलत म्हणाली. "प्रफुल्लदादांनी भरती तुम्हाला केलं होतं, बाबा."