हर्ण्याहून येणारे दिग्दर्शक

मुलाखत पायरीवरच घ्यावी लागली, कारण सभागृहाला कुलूप होतं आणि चावी स्वरूप सरांबरोबर गेली होती.

कॉलेजच्या शेक्सपिअर मंडळाचं नाटक बसवणारे हे सर शनिवारी ‘घरी जाऊन येतो’ म्हणाले आणि गेले ते गेलेच. फोन बंद. मुंबईहून एका मालिकेवाल्यांचं त्यांना बोलावणं आल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं, तेव्हा कुणाला फार डोकं चालवावं लागलं नाही. इकडे स्पर्धा तोंडावर आलेली. आज संध्याकाळपर्यंत नवा दिग्दर्शक आणा, नाहीतर नाव मागे घेतो आणि मंडळही गुंडाळतो, असं प्राचार्यांनी शमिकाला सांगून टाकलं होतं. शमिका मंडळाची सचिव. या मंडळापायी तिने घरच्यांची कमी बोलणी खाल्ली नव्हती, आणि आता ते तिच्या डोळ्यांदेखत बुडत होतं.

सकाळपासून दोघांचे नकार आले. एकाला आंब्याचा हंगाम आडवा आला, दुसऱ्याला नाटककाराचं नाव ऐकूनच घाम फुटला. उरला हर्ण्याचा एक जण. त्याने फोनवर ‘बघतो, जमलं तर येतो’ एवढंच म्हटलं होतं.

दुपार कलल्यावर फाटकातून एक वयस्क माणूस आत आला. दाढीचे खुंट वाढलेले, खांद्यावर टॉवेल, पाय अनवाणी.

“हाच तो,” विनीत हळूच म्हणाला. विनीत नाटकातला राजा, आणि एरवीही तोरा राजाचाच. “नाटकवाल्यांची तऱ्हाच असते.”

शमिका पुढे झाली. “तुम्ही हर्ण्याहून ना? दिग्दर्शनासाठी?”

“बुरोंडी,” तो म्हणाला.

“तेच ते, जवळच आहे,” विनीतने परस्पर निकाल लावला.

माणूस आणखी काही सांगू पाहत होता, पण विनीत एकदा सुरू झाला की दुसऱ्याची डाळ शिजत नाही. सरांनी कसा दगा दिला, मालिकेला कसे भुलले, जाताना चावीसुद्धा खिशात घालून नेली, सगळं त्याने पाहुण्याला ऐकवलं. पुन्हा दिसले तर तोंड बघणार नाही, हेही सांगितलं. तो खाली बघून ऐकत राहिला. मग सर शिकवायचे कसे, तेवढं त्याने विचारलं. चांगलं शिकवायचे, शमिकाने कबूल केलं, आणि तिला एकदम रडू आलं. तिला सरांचा राग होता, पण त्याहून जास्त वाईट वाटत होतं.

नाव त्याने रामजी सांगितलं. अनुभव काय, तर गावात शिमग्याला नमनाचे खेळ बसवलेत. शेक्सपिअर वाचलेला नाही, घरी ऐकलाय. विनीतने कपाळाला हात लावला. शमिकाने चहा पुढे केला, तर रामजीने कप खाली ठेवायला सांगितला, आणि बसलाही सगळ्यांपासून लांब, पायरीच्या टोकाला. काही येत नाही आणि घमेंड बघा, असं विनीत डोळ्यांनीच म्हणाला.

संपलं, शमिकाला वाटलं. तरी तिने शेवटचा प्रश्न विचारला. तो सरांनीच मुलांना घातला होता आणि अजून कुणाला सुटला नव्हता.

“आमच्या रूपांतरात शेवटच्या अंकात राजाचा तरुण मुलगा मरतो. राजा त्याच्यापाशी बसलेला. आमचा राजा हंबरडा फोडतो आणि तालमीत सगळे हसतात. तुम्ही काय कराल?”

रामजीने टॉवेलचं टोक मुठीत धरलं.

“रडवू नका त्याला,” तो म्हणाला. “बापाला रडायला सवड कुठं असते? लाकडं बघायची असतात. माणसं येतात, त्यांना पाणी द्यायचं. गेलेल्याकडं कुणाचं काय राहिलेलं असतं, ते ज्याचं त्याला नेऊन द्यायचं. रडायचं राहूनच जातं.”

 

शमिका तडक प्राचार्यांकडे गेली आणि रामजीचं नाव देऊन आली. मंडळ वाचलं होतं. विनीतने नारळ आणला. नव्या दिग्दर्शकाने पहिल्या दिवशी नटराजापुढे नारळ फोडायचा, ही मंडळाची रीत. पण नटराज बसलेला कुलपाआड. विनीतने बागेतला एक धोंडा उचलला, कुलूप तोडूनच टाकतो म्हणाला, आणि सरांना आणखी एक शिवी हासडली.

“तोडू नको,” रामजी म्हणाला.

त्याने टॉवेलच्या टोकाची गाठ सोडली आणि चावी पायरीवर ठेवली. तिला लाकडाची इवलीशी होडी बांधलेली होती, सरांनी स्वतः कोरलेली.

“मी आत्ता देवाला शिवायचो नाय. नारळ तू फोड. स्वरूपचं सुतक फिटलं की येतो मी.”