चार बोटं पाईप

झरीच्या महांतेशचा उजवा हात कंपवातानं थरथरू लागला, आणि लग्नाच्या शूटिंगशिवाय दुसरं काम त्याला येत नव्हतं. कॅमेरा हातात ठरेना, म्हणून त्यानं नळाचे पाईप जोडून खांद्यावर टेकवायचा स्टँड केला. चित्र हललंच. मग मागं वजनाला वाळूची पिशवी बांधली, छातीला पट्टा लावला, खांद्यावर टेकतो तिथं स्पंज चिकटवला. आज दुपारी लग्नाची ऑर्डर होती आणि सकाळी करून पाहिलेल्या शूटिंगमध्ये दाराची चौकट अजून हलतच होती.

"लग्नवाल्यांला फोन लाव," तो बायकोला म्हणाला. "दुसरा कुनी बघा म्हनाव."

वैजयंतीनं फोन लावला नाही. स्टँड आपल्या खांद्यावर घेऊन ती अंगणात हळूहळू चालली आणि मग स्क्रीन त्याच्यापुढं धरली. चौकट जागेवर होती.

"मला पाईप लांब होतोय," ती म्हणाली. "चार बोटं कापा."

"कापल्यावर मला बसायचं न्हाई ते."

"म्हाईत हाय."

त्यानं स्क्रीनवरची चौकट पुन्हा बघितली. "शूटिंगमधलं तुला काय कळतंय?"

"तुमी माज्या मागं हुभं ऱ्हा आन् सांगत चला. मी हालत न्हाई."

तिनं पाईप दोन्ही हातांनी दाबून धरला. महांतेशनं करवत लावली. पाईप तुटेपर्यंत त्यानं तिच्याकडं बघितलं नाही.